हंगाम सरू द्या, मंग पाहू



गळीत हंगाम लागला की आपल्या परतवाडा-अचलपूर भागात घरोघरी एकच वाक्य ऐकू येते. छातीत कळ येवो, पोराच्या शाळेतून बोलावणे येवो, घरधनी म्हणतो, "हंगाम सरू द्या, मंग पाहू." आम्ही विचारतो, हा हंगाम सरतो तरी केव्हा? दिवाळीच्या आगेमागे अंबियाची संत्री, त्यातच उसाच्या तोडीचा नंबर, फेब्रुवारी-मार्चात मृग बहार. ऊस गेला की खोडव्याचे खत-पाणी उभेच. 'मंग' नावाचा महिना काही कोणत्या पंचांगात नाही, बाप्पा!

रात्रीच्या ओलिताचेच घ्या. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे. पण जिथे ती पोचली नाही तिथे पाळी रात्रीची. सातपुड्याच्या पायथ्याची थंडी, फडात डुकरे, आणि मण्यार तर रात्रीच हिंडतो. माणूस एकटाच बॅटरी घेऊन दांडावर, इकडे घरची बाई कडीच्या आवाजाकडे कान लावून जागी. सकाळी दोघेही पुन्हा कामाला. अशी झोप किती दिवस उधार ठेवायची?

आमच्या माहितीतल्या एका सभासदाला साखरेची बिमारी. पायाला खुंट लागून जखम झाली. बायको रोज म्हणे, दवाखान्यात चला. हा म्हणे, टोळी येऊन जाऊ दे. टोळी आली, ऊस वेळेवर गेला, नंतर अमरावतीला नेले तेव्हा दोन बोटे काढावी लागली. "तोडीवर भाऊही उभा राहिला असता," असे तो आता म्हणतो. उशिरा तोडलेला ऊस वजनात घटतो, ही भीती खोटी नाही. पण जखम चिघळायलाही हंगाम लागत नाही.

हे झाले मालकाचे. आपल्या फडात उतरणाऱ्या टोळीचे काय? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, खाडा पडला की दंड. २०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाला समिती नेमावी लागली. पाळीच्या त्रासात खाडा पडू नये, हेही एक कारण पुढे आले. मुकादमाचा व्यवहार मुकादमापाशी, असे काही सभासद म्हणतील. आम्हाला ते पटत नाही. ऊस आपला आहे, ज्या दिवसाचा तो दंड, तो दिवस आपल्याच बांधावरचा आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, आजारपणात सभासदाला शेजाऱ्याशी तोडीचा नंबर बदलता यावा आणि त्याची पाळी शेवटी ढकलली जाऊ नये. रात्रीच्या ओलिताला दोन-तीन शेजाऱ्यांनी जोडीने जावे. यासाठी तर ठरावही नको. तोडणीच्या करारात आजारपणाच्या खाड्याला दंड नाही, असे कलम घालावे आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर टोळीच्या खोपटांपर्यंत जावा. खर्च येईल, हे आम्ही जाणतो. टनामागे थोडी कपात लागली तर आम्ही हात वर करू. येत्या वार्षिक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. सभेला एकटे येऊ नका, घरच्या बाईलाही सोबत आणा. रात्री जागते तीच, तिचे म्हणणेही ऐकू या.