धावपळ वाढते, कापड वाढत नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची संमती आणि जादा कामाची मजुरी या अटी तिला जोडल्या आहेत. परंतु पोटासाठी राबणाऱ्या माणसाची संमती कितपत स्वेच्छेची असते, हे श्रमिक चळवळीला नव्याने सांगण्याची गरज नाही. येथे विचार करावयाचा आहे तो या धोरणामागील गृहीतकाचा. माणूस जितका वेळ कामात गुंतलेला, तितके उत्पादन अधिक, असे हे गृहीतक आहे. सोलापूरसारख्या श्रमिकांच्या शहरात ते तपासून पाहिले तर त्यातील फोलपणा तत्काळ ध्यानात येतो.

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमागांवर टॉवेल आणि चादरी विणल्या जातात. सूत चांगले असेल, माग नीट राखलेला असेल, वीज अखंड असेल, तर माग सुरळीत चालतो आणि विणकर केवळ नजर ठेवून उभा असल्यासारखा दिसतो. उलट सूत हलक्या प्रतीचे असेल तर ताण्याचे धागे वारंवार तुटतात. माग थांबतो, विणकर धाग्याला गाठ मारतो, माग सुरू करतो, तोच दुसरा माग थांबतो. त्या दिवशी त्याला श्वास घेण्याची उसंत नसते आणि नेमके त्याच दिवशी कापड सर्वांत कमी निघते. म्हणजे विणकराची धावपळ आणि कापडाचे उत्पादन यांचे नाते बहुधा उलटे असते. मजुरी मात्र विणलेल्या मालावर ठरते. मारलेल्या गाठींची मजुरी कोणी देत नाही. सूत निवडतो मालक आणि त्या निवडीची किंमत मोजतो विणकर.

विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांची अवस्था याहून वेगळी नाही. पाने भिजवणे, कापणे, तंबाखू भरून वळणे, दोरा बांधणे, तयार विड्या पोहोचवणे, यांत घरातील इतर माणसांचाही हातभार लागतो. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. पाने फाटकी निघाली किंवा विड्या नापास ठरल्या, तर त्यांवर खर्च झालेले तास कोणत्याच खात्यात जमा होत नाहीत. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कच्च्या मालाचे वाटप, नापास विड्या आणि त्यांची मजुरी यांवरील तंटे सोडवण्याची तरतूद केली, ती उगीच नव्हे. वाया गेलेल्या श्रमाचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न कायदेमंडळापर्यंत पोहोचण्याइतका गंभीर होता.

उत्पादन कामगाराच्या आळसामुळे घटत नाही, याचा याहून मोठा दाखला सोलापूरच्या इतिहासातच आहे. १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांची जुनी मिल, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्याची जागा घेणाऱ्या कायद्याच्या प्रास्ताविकात दोष कामगारांच्या माथी मारलेला नाही. कंपनीच्या कारभारातील गैरव्यवस्था आणि हेळसांड यांमुळे आवश्यक वस्तूच्या उत्पादनाला बाध आला आणि गंभीर बेकारी निर्माण झाली, असे त्यात स्पष्टपणे नमूद केले होते. एका भागधारकाने दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५० मध्ये फेटाळले. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये दुसऱ्या दाव्यात, भरपाईविना मालमत्ता हिरावल्याच्या कारणावरून, तोच कायदा टिकला नाही. मालमत्तेच्या हक्काला दाद मिळाली. बंद गिरणीच्या दारात उभ्या राहिलेल्या कामगाराच्या वाया गेलेल्या दिवसांना अशी दाद मागण्यासाठी कोणते न्यायालय होते?

उत्पादकता वाढावी, याला समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. कमी श्रमात अधिक वस्तू निर्माण झाल्या तरच कामाचे तास कमी होतील, माणसाला वाचनासाठी, मुलांसाठी, सार्वजनिक कामासाठी वेळ मिळेल. पण १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत विणकराकडे दोनांऐवजी तीन माग सोपवण्याची योजना पुढे आली, तेव्हा कामगारांनी महिनोन्महिने संप केला तो यंत्रांशी वैर म्हणून नव्हे. वाढीव उत्पादन मालकाचे आणि वाढीव थकवा व बेकारी आपली, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती.

म्हणून मागणी नेमकी केली पाहिजे. मालकाच्या दोषाने माग थांबला तर त्या वेळेची मजुरी मिळावी. सुताच्या आणि पानांच्या प्रतीवर कामगारांच्या प्रतिनिधींची देखरेख असावी. वाढलेल्या उत्पादनातील वाटा आधी ठरावा आणि तासांची चर्चा नंतर व्हावी.

हाच निकष कार्यकर्त्यांनी स्वतःच्या कामालाही लावावा. किती सभा झाल्या, किती निवेदने दिली, याचा हिशेब अहवालात शोभतो. त्यांतून किती विणकरांना थकलेली मजुरी मिळाली आणि किती स्त्रियांच्या नापास विड्यांचा तंटा सुटला, याचा हिशेब चळवळीला जगवतो. माग खडखडत असला म्हणजे कापड विणले जात आहेच, असे नाही. ते मागाजवळ जाऊन पाहावे लागते.