हातभर दोरीचे मोल

२५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणाचा विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेला, सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले आणि रहिवाशांच्या सुटकेसाठी भर वस्तीत बोटी उतरवाव्या लागल्या. अशा वेळी बोट हाकणाऱ्याच्या धैर्याचे कौतुक होते, आणि ते योग्यच होय. परंतु बोटीच्या मागील फळीवर बसविलेली आऊटबोर्ड मोटर केवळ धैर्याला वश होत नाही. तिला शिस्त लागते.

या शिस्तीचे पहिले कलम हातभर दोरीचे आहे. दोरीचे एक टोक मोटरच्या बटनाला आणि दुसरे चालकाच्या मनगटाला अथवा जाकिटाला अडकवायचे असते. चालक पाण्यात फेकला गेला की दोरी सुटते आणि मोटर तत्क्षणी थांबते. दोरी नसल्यास निर्नायक बोट गोल गोल फिरू लागते व फिरता पंखा पडलेल्या माणसाच्याच अंगावर येतो. अमेरिकेने १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांपेक्षा लहान बोटींच्या चालकांवर अशा साधनाच्या वापराची कायदेशीर सक्ती केली, ती याच कारणाने.

दोरीमुळे हालचालीस अडथळा होतो, असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांस मान्य नाही. बचावकार्यात चालक वाकतो, वळतो, हात पुढे करतो. म्हणूनच त्याचा तोल जाण्याचा संभव अधिक. बोटीत दुसरी दोरी जादा ठेवली म्हणजे सहकाऱ्याला मोटर पुन्हा सुरू करता येते.

उरलेले नियमही असेच साधे आहेत. पाण्यातील माणसाला वर घेताना गिअर सोडून भागत नाही, मोटर बंदच करावी. पंख्यात अडकलेली दोरी वा कापड मोटर बंद करून, ती वर उचलल्यावरच काढावे. पेट्रोलचा सुटा डबा काठावर नेऊन भरावा. मागे माणसांची दाटी झाल्यास फळी खाली जाते आणि वेग एकाएकी कमी करताच बोटीचीच लाट आत येते.

२१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जण बुडाले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. दोहोंची कारणे भिन्न; पण पाण्यावर चूक सुधारण्यास अवधी मिळत नाही, हा धडा एकच.

खडकवासल्याच्या काठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र पीकॉक बे येथे नौकानयनाचे शिक्षण घेतात. शिस्तीचा हा पाठ शेजारीच असताना नागरी बचाव पथकांनी ऐन पुरात शिकत बसावे, हे शोभणारे नाही. प्रत्येक पावसाळ्यापूर्वी महापालिकेने आपल्या बोटी व मोटरी तपासाव्यात, चालकांकडून कवायत करून घ्यावी आणि दोरी व जाकिटाशिवाय एकही मोटर सुरू होणार नाही, असा दंडक घालावा. यास मोठा खर्च लागत नाही, निश्चय लागतो. दुसऱ्याचा प्राण वाचविण्यास निघालेल्याचा प्राण हयगयीपायी जाऊ न देणे, एवढे तरी या नगरीने आपले कर्तव्य मानावे.