घर सजवायची घाई नको, एक पावसाळा जाऊ द्या

गेल्या महिन्यात एक गृहस्थ तपासायला आले. वय ४८. गेली काही वर्षं ते माझ्याकडे रक्तदाब आणि मधुमेहाची औषधं घेतात. त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून आले होते. रक्तदाब पाहिला तर २०० वर ११६. "गोळ्या चालू आहेत ना?" असं विचारल्यावर "हो, हो" म्हणाले. पत्नी शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, दोन महिने एक दिवसाआड घेतायत. नवीन घराचं फर्निचर केलं ना, त्याचे हप्ते चालू आहेत."

मग सगळी गोष्ट कळली. चाळीतली खोली सोडून वन बीएचके घेतला. गृहकर्जाचा हप्ता होताच. त्यावर फॉल्स सीलिंग, टीव्ही युनिट, मॉड्युलर किचन आणि सोफा यांसाठी पर्सनल लोन काढलं. वास्तुशांतीला सगळे नातेवाईक येणार, त्याआधी घर "कम्प्लीट" दिसायला हवं होतं. मग महिन्याच्या शेवटी कुठेतरी काटछाट करावी लागली. ती गोळ्यांमध्ये झाली, कारण गोळी चुकली तर त्या दिवशी काहीच जाणवत नाही. रक्तदाब गुपचूप वाढत राहतो आणि एक दिवस मेंदूवर, हृदयावर किंवा किडनीवर उतरतो.

मी त्यांना रागावलो नाही. औषधं बदलून स्वस्तातली जेनेरिक लिहून दिली, जनऔषधी केंद्राचा पत्ता सांगितला. आता रक्तदाब आटोक्यात आहे. पण हे काही एकट्याचं उदाहरण नाही. म्हणून आज औषधांबद्दल न लिहिता घर लावण्याबद्दल लिहितो आहे. डॉक्टरांनी यात का पडावं, असं तुम्हाला वाटेल. घरामुळे होणारी दुखणी शेवटी आमच्याकडेच येतात, म्हणून.

माझं मत सरळ आहे. हातात पैसे कमी असतील तर नवीन घरात आधी राहायला जा, सजावट नंतर करा. निदान एक पावसाळा जाऊ द्या.

एक पावसाळा का?

पहिलं कारण ओल. भिंत कुठे पाझरते, खिडकीच्या चौकटीतून पाणी कुठे येतं, हे उन्हाळ्यात कळत नाही. जुलैमध्ये कळतं. तोवर त्या भिंतीला कपाट चिकटवून बसवलेलं असतं किंवा वॉलपेपर लावलेला असतो. मग आत बुरशी वाढते आणि बाहेरून काही दिसत नाही. फक्त खोलीत कोंदट वास येतो आणि घरातल्या कुणाला तरी सारखी सर्दी, शिंका, खोकला सुरू होतो. दमा असेल तर तो बळावतो. ओल दिसल्यावर त्यावर रंग मारणं म्हणजे ताप असताना थर्मामीटर लपवणं. आधी गळती बंद करायची, भिंत वाळू द्यायची, मग रंग.

दुसरं कारण नव्या फर्निचरचा वास. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू बाहेर पडतो. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, डोकं जड होतं. उष्ण आणि दमट हवेत तो जास्त सुटतो, आणि आपली हवा तशीच. सुरुवातीचे काही महिने त्याचं प्रमाण जास्त असतं, पुढे ते कमी होत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याची नोंद कर्करोगकारक पदार्थांत केली. घाबरून जाऊ नका. तो निष्कर्ष मुख्यतः कारखान्यांत वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात हा वायू श्वासात घेणाऱ्या कामगारांवरून काढलेला आहे. पण छोट्या बंद खोलीत एकाच वेळी बेड, वॉर्डरोब आणि टीव्ही युनिट करून लगेच एसी लावून झोपणं शहाणपणाचं नाही. एकेक वस्तू करा, कमी उत्सर्जनाचा, म्हणजे ई-वन किंवा ई-झीरो दर्जाचा बोर्ड मागा आणि खिडक्या उघड्या ठेवा.

तिसरं कारण, राहिल्याशिवाय आपल्याला काय लागतं ते कळत नाही. उजेड कुठून येतो, आजी कुठे बसते, मुलं अभ्यास कुठे करतात, हे घर स्वतः सांगतं. कारागिराने मोबाइलवर दाखवलेल्या फोटोत हे नसतं.

मग आहेत ते पैसे आधी कुठे घालावेत?

माझा क्रम असा आहे.

१. बाथरूम. ओपीडीत मी जी सर्वांत दुःखद वाक्यं ऐकतो, त्यांतलं एक म्हणजे, "काही नाही हो डॉक्टर, बाथरूममध्ये जरा पाय घसरला." सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की बहुतेक वेळा ऑपरेशन करावं लागतं, आणि पुष्कळ जण त्यानंतर पूर्वीसारखं चालू शकत नाहीत. चकचकीत टाइल्स शोरूममध्ये छान दिसतात, ओल्या झाल्या की घात करतात. बाथरूमला खरखरीत, अँटीस्किड टाइल्सच हव्यात. बिल्डरने गुळगुळीत बसवल्या असतील तर रबरी मॅट टाका. कमोडजवळ आणि नळाजवळ भिंतीत पक्का स्टीलचा दांडा बसवून घ्या. हा दांडा एखाद्या शोभेच्या झुंबरापेक्षा स्वस्त पडतो. टॉवेल अडकवायचा दांडा चालणार नाही. तो माणसाचं वजन पेलत नाही, ऐन वेळी हातात येतो.

२. रात्रीचा उजेड. बेडपासून संडासापर्यंतच्या वाटेवर एक छोटा नाइट लॅम्प असू द्या. वयस्कर माणसं रात्री दोनतीनदा उठतात. त्या वाटेत पायपुसणं गोळा झालेलं नसावं, एक्स्टेंशनची वायर आडवी नसावी. याला खर्च जवळजवळ काहीच नाही.

३. खिडक्या. पडदे नंतर, जाळ्या आधी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीपुरती मच्छरदाणी पुरत नाही. घरात लहान मूल असेल तर ग्रिल हवंच. ग्रिल लागेपर्यंत खिडकीखाली पलंग, सोफा किंवा टेबल ठेवू नका. मुलं त्यावर चढून वाकतात. उंच कपाट आणि चपलांचं उभं रॅक भिंतीला स्क्रूने पक्कं करा. खण उघडून मूल त्यावर चढलं की अख्खं कपाट अंगावर येतं.

४. गादी आणि बसायची जागा. पाठदुखीसाठी "ऑर्थोपेडिक" अशी पाटी असलेली महाग गादीच लागते, हा गैरसमज आहे. फार मऊ नको, मध्ये खड्डा पडलेली नको, एवढं पाहा. जुनी कापसाची गादी चांगली पिंजून घेतली तर ती मस्त चालते. पलंगाची उंची मात्र अशी हवी, की काठावर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. हल्लीचे ठेंगणे, खोलगट सोफे गुडघेदुखीच्या माणसाला शिक्षा आहेत. आईवडिलांसाठी हात असलेली एक साधी, टणक खुर्ची घ्या. तुमच्या सोफ्यापेक्षा तीच जास्त वापरली जाईल.

५. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन. फोडणीचा धूर घरातून बाहेर जायला हवा. ट्रॉल्या नसल्या तरी चालतं. ओट्याखाली कडप्प्याच्या फळ्या आणि स्टीलचे डबे यांवर दोन पिढ्यांनी संसार केले. कडप्पा पुसून स्वच्छ होतो, त्याला वाळवी लागत नाही.

एवढं झालं की घर राहण्याजोगं झालं. बाकीचं सगळं नंतर, सवडीने.

जुनं फर्निचर घ्यावं का?

जरूर घ्यावं. मुंबईत ओशिवऱ्याला, पुण्यात जुन्या बाजारात चांगलं सागवानी सामान मिळतं. जुन्या लाकडाला नव्या बोर्डासारखा वास नसतो, हाही फायदाच. पण तीन गोष्टी सांभाळा.

वापरलेली गादी, उशी, कापडी सोफा बाहेरून आणू नका. त्यातून ढेकूण येतात. ढेकूण रक्त न पिताही काही महिने तग धरतात, आणि एकदा घरात आले की घालवण्याचा खर्च वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त होतो.

लाकडी पलंग किंवा खुर्ची घेताना सांधे, भेगा, स्क्रूची भोकं टॉर्च लावून बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर ती वस्तू सोडून द्या.

आणि जुना रंग कोरडा खरवडू नका. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. पॉलिश पेपरने तो घासला की शिशाची धूळ उडते आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला त्यापासून धोका असतो. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. घासायचंच असेल तर ओलं करून, घराबाहेर, मुलं आणि गर्भवती स्त्री जवळपास नसताना घासा. जुन्या घराच्या दारांना आणि खिडक्यांनाही हेच लागू आहे.

शोभेच्या स्वस्त वस्तू

काचेच्या बाटलीतला मनी प्लांट, पाण्यातला बांबू, फुलं तरंगणारं पितळी घंगाळ. दिसायला सुंदर, खर्च कमी. पण एडिस डासाला असंच स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून द्या आणि भांडं आतून घासा. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन् महिने टिकतात. एवढं जमणार नसेल तर रोप मातीत लावा.

कार्पेटबद्दल मात्र माझीच चूक सांगतो. आमच्या पहिल्या फ्लॅटमध्ये मी हॉलभर कार्पेट टाकलं होतं. नवी प्रॅक्टिस, लोक घरी येणार, छाप पडायला हवी! मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिला रात्री खोकल्याची ढास लागायची, छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. मी औषधं देत राहिलो. दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत "घरात कार्पेट आहे का?" हा प्रश्न मी रोज विचारत होतो, पण स्वतःच्या हॉलमध्ये बसून तो मला सुचला नाही. शेवटी माझी आई म्हणाली, "अरे, ते धूळ खाणारं काढ एकदा." कार्पेट काढलं, उशांना धुता येतील असे अभ्रे घातले, चादरी गरम पाण्यात धुवायला लागलो. तिचा त्रास बराच कमी झाला. धुळीतले माइट्स डोळ्यांना दिसत नाहीत. ते कार्पेट, गाद्या आणि मऊ खेळण्यांत राहतात, आणि दमट हवा त्यांना मानवते. दम्याच्या रुग्णांनी एवढं लक्षात ठेवावं, की हे बदल औषधांच्या जोडीने करायचे असतात, औषधांऐवजी नाही. इनहेलर स्वतःहून बंद करू नका.

उघडी फरशी, त्यावर धुता येणारी सतरंजी आणि थंडीत गोधडी, याहून आरोग्याला चांगलं आणि स्वस्त काही नाही.

"पण डॉक्टर, हौस नको का?"

हा प्रश्न मला हमखास विचारतात, आणि तो योग्य आहे. दहा बाय बाराच्या खोलीत तीस वर्षं काढलेल्या बाईला स्वतःचं घर सुंदर असावं असं वाटणारच. तिची हौस मोडा, असं मी कधीच म्हणणार नाही. नीटनेटकं, आवडीचं घर मनाला उभारी देतं, हेही खरंच आहे.

माझा आक्षेप हौसेला नाही, पाहुण्यांच्या नजरेला आहे. वास्तुशांतीला आलेले पाहुणे दोन तास बसतात, जेवतात, "छान केलंत हं" म्हणतात आणि जातात. हप्ते पाच वर्षं राहतात. त्या घरात रोज झोपणारी, आंघोळ करणारी, खोकणारी, गुडघे धरून उठणारी माणसं वेगळी असतात. घर त्यांच्यासाठी लावा. एका भिंतीला आवडता रंग द्या, आईच्या जुन्या साडीचे पडदे शिवा, मुलांनी काढलेली चित्रं लावा. याला कर्ज लागत नाही.

घराचं बजेट लिहायला बसाल तेव्हा एक करा. कागदावर सर्वांत वर घरातल्या सगळ्यांच्या महिन्याच्या औषधांचा आणि आरोग्य विम्याचा खर्च लिहा. त्याखाली वर सांगितलेला बाथरूमचा दांडा, नाइट लॅम्प, जाळ्या. सोफा आणि सीलिंग त्याच्याही खाली. पैसे संपले की रेघ ओढा आणि रेघेखालचं पुढच्या वर्षी करा. हप्त्यांमुळे औषधं परवडत नसतील तर संकोच न करता तुमच्या डॉक्टरांना सांगा. स्वस्त पर्याय बहुतेक वेळा असतो. पण आम्हाला कळलंच नाही तर आम्ही तो देणार कसा?

सुरुवातीला सांगितलेले ते गृहस्थ परवा परत आले होते. रक्तदाब १३४ वर ८४. जाताना म्हणाले, "डॉक्टर, आईसाठी बाथरूममध्ये दांडा बसवला. फॉल्स सीलिंगपेक्षा तिला तोच जास्त आवडला."