निकाल लागतो, परीक्षण होत नाही

एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला नाट्यगृहात डोकावलं तर दोन प्रकारची माणसं भेटतात. एक नाटक करणारी, दुसरी गुण देणारी. नुसतं नाटक बघायला आलेला माणूस शोधावा लागतो. थोडीफार गर्दी दिसते ती कॉलेजच्या मुलांची. आपली एकांकिका झाली की ती सेट टेम्पोत भरायला उठतात आणि त्यांच्या खुर्च्यांवर पुढच्या कॉलेजची मुलं येऊन बसतात. रात्री निकाल लागतो, ‘अरे आव्वाज कुणाचा’च्या आरोळ्या उठतात, करंडकासोबत फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी पहिलं कोण, दुसरं कोण, उत्तेजनार्थ कोण, एवढं छापून येतं. मंचावर काय घडलं आणि ते कसं होतं, याबद्दल एक ओळ सापडत नाही.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातली हौशी आणि प्रायोगिक रंगभूमी वर्षानुवर्षं अशीच चालली आहे. आमच्याकडच्या मुलांना बक्षिसं पुष्कळ मिळतात. त्यांचं काम कुणीतरी नीट बघून त्यावर चार शब्द लिहावेत, हे मात्र घडत नाही, आणि त्यामुळे या रंगभूमीचं मोठं नुकसान होतं आहे.

हंगाम केवढा मोठा आहे ते आधी बघू. पावसाळ्यात आयएनटीची (इंडियन नॅशनल थिएटरची) आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येते आणि तिथून तालमींना जोर चढतो. 2014 पासून ‘लोकसत्ता’ची लोकांकिका स्पर्धा आहे, तिची ठाणे विभागाची फेरी होते. दिवाळी उलटली की साठी ओलांडून गेलेली राज्य नाट्य स्पर्धा केंद्राकेंद्रांवर सुरू होते. 25 जानेवारीच्या रात्री चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई’ असते. वर्षभरात इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिका तिथे प्रजासत्ताक दिनाची पहाट होईपर्यंत रंगतात. याशिवाय सोसायटीच्या, मंडळाच्या, वाचनालयाच्या छोट्या स्पर्धा आहेतच. ठाण्यात किरण नाकती यांच्या अभिनय कट्ट्याने तर रविवारची संध्याकाळ विनातिकीट नाटुकल्यांना आणि एकपात्रींना देऊन टाकली आणि नवख्यांसाठी हक्काचं ठिकाण उभं केलं. मासुंदा तलावाकाठचं 1978 सालचं गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृहाचं लघुप्रेक्षागृह, कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर ही आपली ठिकाणं. युरोपातल्या एखाद्या गावात एवढं घडत असतं तर त्याला महोत्सव म्हटलं असतं, कार्यक्रमपत्रिका छापली असती आणि लोक लांबून आले असते.

अशा महोत्सवाचा मूळ नमुना स्कॉटलंडमधल्या एडिंबराचा. 1947 साली तिथे मोठा आंतरराष्ट्रीय कला महोत्सव सुरू झाला. आमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळ्या आपणहून तिथे गेल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी प्रयोग लावले. मुख्य महोत्सवाच्या कडेला जमलेल्या या मेळ्याला पुढे फ्रिंज हे नाव पडलं. आज ऑगस्ट महिन्यात तिथे तीन हजारांहून जास्त कार्यक्रम होतात. निवड समिती नाही. जागा मिळाली आणि खर्च झेपला की प्रयोग करता येतो. हा खर्चच आता अनेक तरुण मंडळ्यांना कर्जात लोटतो, त्यामुळे तिथलं सगळंच उचलून आणावं असं मी म्हणणार नाही. उचलण्यासारखी गोष्ट एक आहे. तिथे प्रयोगांच्या मागे लिहिणारी माणसं असतात. मोठ्या वृत्तपत्रांचे समीक्षक असतात, तसे नुकते पदवीधर झालेले आणि शिकत असलेलेही असतात. दिवसाला चार-पाच प्रयोग बघायचे आणि रात्रीत प्रत्येकावर दोन-तीनशे शब्द लिहून द्यायचे, असा त्यांचा शिरस्ता.

त्या शब्दांनी काय होऊ शकतं याचं एक उदाहरण नाटकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावं. 1966 च्या ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थी मंडळीने एडिंबराच्या फ्रिंजमध्ये एका नवख्या लेखकाचं नाटक केलं. हॅम्लेटमधली दोन दुय्यम पात्रं त्याने मध्यभागी आणली होती. बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. ‘ऑब्झर्व्हर’चे समीक्षक रोनाल्ड ब्रायडन यांनी मात्र भरभरून लिहिलं. ते वाचून लंडनच्या नॅशनल थिएटरमधल्या केनेथ टायनन यांनी संहिता मागवून घेतली आणि 1967 च्या एप्रिलमध्ये तेच नाटक नॅशनलने रंगमंचावर आणलं. लेखक होते टॉम स्टॉपर्ड, नाटक ‘रोझेनक्रांट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’. फ्रिंजमधलं एक विद्यार्थी सादरीकरण आणि एक परीक्षण, एवढीच सुरुवातीची पुंजी.

आपल्याकडेही मोठी नाटकं याच वाटेने आली आहेत. विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ‘रंगायन’ने 1967 साली राज्य नाट्य स्पर्धेसाठी केलं. लोकलमध्ये भेटलेल्या हौशी कलावंतांच्या एका घोळक्यावरून त्याचं बीज सुचलं, हे तेंडुलकरांनीच सांगून ठेवलं आहे. रोज लोकलने जाणाऱ्या आपल्या शहरांनी हे विसरू नये. 1972 साली ‘घाशीराम कोतवाल’ पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेने राज्य नाट्य स्पर्धेतच पहिल्यांदा उभं केलं. देवेंद्र पेम यांचं ‘ऑल द बेस्ट’ एकांकिकेतून वाढलं. प्राजक्त देशमुख यांची ‘देवबाभळी’ नाशिकची एकांकिका होती. 2017 साली ‘भद्रकाली’ने ती ‘संगीत देवबाभळी’ म्हणून व्यावसायिक रंगभूमीवर आणली. म्हणजे आज ज्या नाटकांची तिकिटं आपण रांगेत उभं राहून काढतो, त्यांतली काही काल रिकाम्या खुर्च्यांसमोर झालेली असतात.

दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटकं सुरू केली, तेव्हा रंगमंच तुटपुंजा होता, दिवे जेमतेम होते, पण बघणारे होते आणि लिहिणारेही होते. माधव मनोहर, कमलाकर नाडकर्णी यांच्या परीक्षणांची नाटकवाले वाट बघत आणि प्रसंगी त्यांच्याशी भांडतही. त्या भांडणातून नाटक शहाणं झालं. छबिलदासची चळवळ झाली ती करणाऱ्यांमुळे, आणि तितकीच त्या काळात नियमाने बघून लिहिणाऱ्यांमुळे.

आता आपल्याकडे काय होतं ते जवळून बघा. साधारण पाऊण तासाचा प्रयोग, त्याआधी सेट लावायला ठरावीक मिनिटं. पडद्यामागे लेव्हल्स सरकतात, कुणीतरी शिडीवर चढून स्पॉट फिरवत असतं, खालून दिग्दर्शक ‘अजून डावीकडे’ म्हणून हात करत असतो. प्रेक्षागृहात मधल्या रांगेत तीन परीक्षक, समोर टेबलावर कागद आणि लहानसा दिवा. कागदावर रकाने: लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, रंगभूषा, वेशभूषा. दिवसभरात अशा सात-आठ एकांकिका बघायच्या आणि रात्री बेरीज करायची. परीक्षकांचं काम मोलाचं आहे आणि त्यातले बहुतेक जण ते मनापासून करतात. पण नेपथ्याला दहापैकी सात मिळाले, यातून त्या मुलाला काय कळणार? दार कुठे उघडतं हे तिसऱ्या रांगेतून दिसतच नव्हतं, हे त्याला कुणी सांगत नाही. निकालानंतर मुलं परीक्षकांना विंगेत किंवा जिन्यात गाठतात आणि घाईघाईने विचारतात, ‘सर, आमचं काय चुकलं?’ शेवटच्या लोकलच्या आधीची ती पाच मिनिटं, एवढीच त्यांच्या वाट्याला आलेली समीक्षा.

परीक्षण म्हणजे शेरा नव्हे. ‘अभिनय सहज, विषय ज्वलंत, प्रकाशयोजना पूरक’ हे कुठल्याही एकांकिकेबद्दल लिहिता येतं, म्हणून ते कुठल्याच एकांकिकेबद्दल नसतं. समजा, एका एकांकिकेत आई मुलासाठी ताट वाढते आणि तो घरी येणार नाही हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे. लिहिणाऱ्याने सांगावं, की ताट वाढताना तिने एकही संवाद म्हटला नाही तोवर सगळं सभागृह तिच्यासोबत होतं. पार्श्वसंगीत सुरू झालं आणि ती पकड सुटली. या एका वाक्यातून दिग्दर्शकाला पुढच्या प्रयोगाचं काम मिळतं, त्या अभिनेत्रीला आपलं बळ कळतं आणि न आलेल्या वाचकालाही ते दृश्य दिसतं.

हौशी नाटकावर लिहिताना दोन गोष्टी आड येतात. पहिली कणव. आपल्या गावची पोरं, रात्र रात्र तालमी करतात, खिशातले पैसे घालतात, त्यांना कशाला दुखवायचं? मी या मताचा नाही. जी मुलं गावातल्या जातीबद्दल, घरातल्या हिंसेबद्दल, बंद पडलेल्या गिरणीबद्दल बेधडक बोलतात, त्यांना कौतुकाच्या दुलईत गुंडाळून ठेवणं हा त्यांचा अपमान आहे. दुसरी गोष्ट उतावीळपणा. चार व्यावसायिक नाटकं बघितलेला माणूस एकांकिकेला त्याच मापाने मोजतो आणि नाक मुरडतो. फिरता रंगमंच नाही, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, असं लिहून मोकळा होतो. एकोणीस वर्षांच्या मुलीने पहिल्यांदा लिहिलेल्या संहितेत तिला काय करायचं होतं, हे आधी ओळखावं. मग ते कितपत साधलं ते सांगावं, आणि शेवटी ते करण्यासारखं होतं का, याबद्दल स्वतःचं मत नि:शंकपणे द्यावं. हा क्रम पाळला की कडक परीक्षणसुद्धा कुणाला लागत नाही.

काही जण विचारतील, आता हातात मोबाइल आहेत, प्रयोग सुटायच्या आत इन्स्टाग्रामवर स्टोऱ्या पडतात, मग परीक्षण कशाला हवं? त्या स्टोऱ्यांत ‘अंगावर काटा’ असतो, हृदयाची चिन्हं असतात आणि चोवीस तासांत सगळं पुसलं जातं. दहा वर्षांनी डोंबिवलीच्या कॉलेजांनी या काळात काय नाटकं केली याचा अभ्यास करायचा झाला तर हाताशी विजेत्यांच्या याद्या उरतील. ज्यांना बक्षीस मिळालं नाही, त्यांचा तर कुठेच मागमूस राहणार नाही. पहिल्या फेरीत बाद झालेल्या एकांकिकेत कधी कधी अंतिम फेरीतल्या एकांकिकेपेक्षा जास्त धाडस असतं. फसलेल्या पण नवं काही करू पाहणाऱ्या प्रयोगाची नोंद ठेवणं, हे परीक्षणाचं सगळ्यात मोठं काम आहे. निकालपत्रकात त्याला जागा नसते.

म्हणून तीन सूचना करतो, आणि तिन्हींना खर्च जवळपास शून्य आहे.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी परीक्षकांकडून प्रत्येक एकांकिकेवर पाच-सहा ओळींचं टिपण घ्यावं आणि निकालासोबत ते जाहीर करावं. मानधनात थोडी भर घालावी लागली तर करंडकाची उंची थोडी कमी करावी. ‘सवाई’ने प्रेक्षक पसंतीचा कौल घेऊन सामान्य प्रेक्षकाला मान दिला, इतरांनी निदान प्रेक्षकांसाठी चार रांगा राखाव्यात आणि वेळापत्रक आठवडाभर आधी बाहेर लावावं.

कॉलेजांनी आपल्या नाट्यमंडळात लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार असतात तसा एक परीक्षकही तयार करावा. त्याने स्वतःच्या कॉलेजवर लिहायचं नाही, फक्त इतरांच्या एकांकिकांवर लिहायचं. प्रकाशयोजना कुणाची, संगीत कोण देत होतं, ही नावं त्याने न चुकता घ्यावीत. पडद्यामागच्या पोरांचं नाव छापलं जाण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असेल. मराठी विभागाने या लेखनाला प्रकल्पाचे गुण दिले तर दर वर्षी डझनभर नवे समीक्षक तयार होतील.

आणि वाचकहो, तिसरी सूचना तुम्हाला आहे. शनिवारी-रविवारी व्यावसायिक नाटकाला जाताच, जायलाच हवं. पण या हंगामात एक दिवस प्राथमिक फेरीला द्या. राज्य नाट्य स्पर्धेचं तिकीट नाममात्र असतं, बऱ्याच एकांकिका स्पर्धांना तर तेही लागत नाही. ओळखीच्या मुलाचा प्रयोग बघून उठू नका. त्याच्या आधीचा आणि नंतरचाही बघा. निकालासाठी थांबला नाहीत तरी चालेल, पण घरी गेल्यावर झोपायच्या आधी जो प्रयोग डोक्यातून जात नाही त्यावर दहा ओळी लिहा. काय बघितलं, कुठे गुंतलात, कुठे सुटलात, एवढं पुरे. ते त्या मंडळीला पाठवा, आणि या सदराकडेही पाठवा. हंगाम संपेपर्यंत इथे दर आठवड्याला अशा परीक्षणांसाठी जागा राखून ठेवतो आहे, आणि बक्षीस न मिळालेल्या एकांकिकांना त्यात पहिला मान राहील.