व्हेज कोल्हापुरी, मु. पो. शहादा

परवा पुण्यातल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. ‘वीकेंडला तोरणमाळला चाललोय. शहाद्यात जेवायला थांबू. तुझं गाव ना ते? चांगलंसं रेस्टॉरंट सांग.’ खाली तीन स्मायली. मी मोबाईल उलटा ठेवला आणि आधी चहा टाकला.

प्रॉब्लेम असा आहे मंडळी, की शहाद्यात खायला भरपूर आहे आणि भन्नाट आहे. फक्त ते रेस्टॉरंटमध्ये नाही.

हे मला कळलं चार वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात. पुण्याची गँग घेऊन घरी चालले होते. शो ऑफ करायचा म्हणून मुद्दाम नंदुरबारमार्गे गाडी घेतली. नंदुरबारची मिरची बाजारपेठ देशभर नावाजलेली आणि हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ती मिरची वाळत पडलेली असते. एकराच्या एकर लालभडक. काचा बंद करूनही सगळे शिंकत होते आणि शिंकता शिंकता फोटो काढत होते. मग प्रकाशाला तापी ओलांडली. दक्षिण काशी म्हणतात ती हीच, असं मी गाइडच्या थाटात सांगून टाकलं. शहाद्याच्या आसपास केळी, पपई, ऊस, कापूस. पब्लिक एकदम इम्प्रेस्ड.

संध्याकाळी पप्पांनी मोठ्या हौसेने सगळ्यांना ‘एसी फॅमिली रेस्टॉरंट’मध्ये नेलं. निळे दिवे, लॅमिनेट केलेलं मेन्यू कार्ड. पनीर टिक्का मसाला, व्हेज मंचुरियन, व्हेज कोल्हापुरी. दिवसभर मिरचीने शिंकून आलेल्या लोकांनी साहजिकच कोल्हापुरी मागवली. आली ती काजूच्या ग्रेव्हीतली, गोडसर, वरून क्रीमची नक्षी. ‘तुमच्याकडे तिखट फार खात नाहीत वाटतं,’ एक जण अगदी निरागसपणे म्हणाला. पप्पा बिल येईपर्यंत गप्प होते.

रात्री मी त्यांना विचारलं, शेवभाजीला का नाही नेलं? म्हणाले, ‘ढाब्यावर? मुलींना घेऊन?’

तर मुद्दा हा आहे. आमच्याकडची शेवभाजी खावी ती हायवेच्या ढाब्यावर. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता शहाद्यातूनच जातो, त्यामुळे ढाब्यांना तोटा नाही. पण संध्याकाळ झाली की ढाबा म्हणजे बाटली, आणि बाटली म्हणजे तिथे बाईमाणसाने बसायचं नाही. (याच शहादा भागात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला श्रमिक संघटनेच्या चळवळीत आदिवासी बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली होती. तेव्हा हा राग काही आजचा नाही.) बायकांनी बसायचं ‘फॅमिली’ लिहिलेल्या ठिकाणी. आणि ‘फॅमिली’ला काय आवडतं? पनीर. असं कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलंय. म्हणजे ज्या बायका घरी रोज काळा मसाला वाटतात, त्यांनी वर्षातून चारदा बाहेर जायचं ते काजूची ग्रेव्ही खायला! आमची आई आयुष्यात दुसऱ्याच्या हातची शेवभाजी जेवली नव्हती.

आता उपाय. दुपारी जा. बारा ते दोन. त्या वेळी ढाब्यावर ट्रकवाले असतात, बाजार समितीत कामाला आलेले शेतकरी असतात, आणि सगळे खरोखर जेवायला आलेले असतात. बसल्यावर मेन्यू मागू नका. शेवभाजी सांगा आणि भाकरी आहे का विचारा. चांगल्या शेवभाजीची खूण सोपी आहे. रस्सा आधी उकळलेला असतो, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, लसूण, खडा मसाला, वर तर्री, आणि जाडी तिखट शेव अगदी शेवटी पडते. ताट समोर आल्यावर ती बाहेरून मऊ आणि आतून अजून जरा ताठ हवी. तुम्ही फोटो काढत बसलात तर लगदा होतो. फोटो नंतर काढा. सोबत कांदा-लिंबू, आणि हिंमत असेल तर फौजदारी डाळ. नाव असं का, ते पहिल्या घासात कळतं.

सकाळी लवकर निघणार असाल तर गावातच फाफडा-जिलेबी खा. गुजरात इतकं जवळ आहे की आमचा नाश्ता तिकडचाच. फाफड्यासोबत कच्च्या पपईचा जो संभारा मिळतो तो मागून मागून घ्या. पपईच्या गावात संभाऱ्याला कंजुषी कसली!

हिवाळ्यात मात्र हॉटेल विसरा आणि कुणाच्या तरी शेतातल्या भरीत पार्टीचं आमंत्रण मिळवा. ओळख नसेल तर काढा, आमच्याकडची माणसं लगेच विरघळतात. वांगी काट्याकुट्यांच्या जाळावर भाजायची, हिरवी मिरची आणि लसूण ठेचायचा, पातीचा कांदा, शेंगदाणे, भरपूर तेल. सोबत पुरी नाहीतर कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी-उडदाची. हे भरीत हिरवट दिसतं, लाल नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याच्या गोष्टी सांगता येतील असं प्रकरण आहे.

दत्तजयंतीच्या सुमाराला आलात तर सारंगखेड्याची यात्रा चुकवू नका. एकमुखी दत्ताचं दर्शन, घोडेबाजार, आणि धुळीसकट गरम जिलेबी. तोरणमाळला जाताना मात्र जेवणाची आधी चौकशी करून ठेवा. तलाव सुरेख आहे, पण पन्नासेक किलोमीटर घाट-जंगल करून उपाशी बसण्यात थ्रिल नाही. वाटेत किंवा धडगावकडे आमचूर विकायला दिसलं तर नक्की घ्या. सातपुड्यातली आदिवासी कुटुंबं उन्हाळ्यात कैऱ्या कापून, वाळवून ते करतात. तिकडची भाकरी आणि आमचूर घातलेली डाळ मी एका मैत्रिणीच्या घरी खाल्ली होती. ती कुठल्याच मेन्यू कार्डावर नाही, फॅमिली असो की नसो. खापरावरची पुरणपोळीसुद्धा नाही. ती आखाजीला आमरसाबरोबर कुणाच्या तरी घरीच.

असो. गेल्या दिवाळीत मी एक प्रयोग केला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी साडेबाराला आईला स्कूटरवर बसवलं आणि प्रकाशा रोडवरच्या एका ढाब्यावर नेलं. पप्पांना सांगितलं, कापड बाजारात जातोय. आई आधी बाहेरच उभी राहिली, पदर सारखा करत. आत दोन ट्रकवाले आणि एक म्हातारे पाटील होते, तिघांनीही मान वर करून पाहिलं आणि परत ताटात घातली. एवढंच. पोऱ्याने येऊन विचारलं, ‘तिखं चाली का, मावशी?’ आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आत पळाला.

ताट आलं. आईने पहिला घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग हात धुऊन सरळ उठली आणि भटारखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

‘खोबरं भाजता का तळता?’

‘तळतो, मावशी.’

‘तरीच,’ म्हणून ती परत येऊन बसली आणि दुसरी भाकरी मागितली.

निघताना तिने पप्पांसाठी एक पार्सल घ्यायला लावलं. शेव वेगळ्या पुडीत बांधून घेतली. घरी जाऊन रस्सा पातेल्यात ओतला, गॅसवर ठेवला, आणि चमचाभर आपला मसाला त्यात घातलाच.

मैत्रिणीला मी अखेर एवढंच लिहिलं, बाराच्या आत पोच, आणि मेन्यू मागू नकोस.