हळद गुणी खरी, पण कॅन्सरवर इलाज नव्हे

हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याने तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे. आणि जिथे गावोगावच्या पानठेल्यावर खर्रा घोटला जातो, त्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हे अर्धेपण जिवावर बेतू शकते.

आधी शास्त्र समजून घेऊ. आपल्या प्रत्येक पेशीत कॅल्शियम निरोप्याचे काम करते. पेशी ते आतल्या कोठारात साठवते, गरजेपुरते सोडते आणि एका पंपाने पुन्हा कोठारात भरते. कर्क्युमिन हा पंप अडवते. मग कोठाराबाहेर कॅल्शियम साचते, पेशीची ऊर्जाकेंद्रे बिघडतात आणि पेशी मरू शकते. खर्ऱ्याच्या चुन्यातही कॅल्शियम असते, पण त्याचा या क्रियेशी संबंध नाही. चुना उलट गालाचे अस्तर सोलून काढतो.

हे सारे प्रयोगशाळेतल्या बशीत घडते. हळदीत कर्क्युमिन असते शेकडा तीनच्या आसपास. माणसांना रोज 8 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊन पाहिले, तरी रक्तात ते नाममात्रच उतरले. तेवढ्यासाठी रोज पाव किलोहून अधिक हळद खावी लागेल!

‘‘पण डॉक्टरसाहेब, हळदीने नुकसान तर होत नाही ना?’’ असे रुग्ण विचारतात. भाजीतल्या हळदीने होत नाही; तिच्या भरवशावर घालवलेल्या तीन महिन्यांनी होते. तेवढ्या काळात गालातला रोग मानेच्या गाठींत उतरू शकतो. तपासणीसाठी तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीतीही निराधार आहे. रोग लवकर सापडला तर बरा होण्याची आशा मोठी असते.

नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात नोंदवले आहे. तेव्हा ‘बिनतंबाखूचा’ खर्राही नकोच. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, तीन आठवड्यांत न भरणारी जखम असली, किंवा उभी तीन बोटे तोंडात जात नसतील, तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन तपासून घ्या. हळद भाजीत जरूर घाला. चट्ट्यावर लेप लावून वाट मात्र पाहू नका.