स्टाउटचा रंग आणि आमचे ज्येष्ठ स्नेही

दिल्लीतील एका मराठी स्नेह्याच्या बंगल्यावर परवा झालेला वाद अजून आमच्या डोक्यातून गेलेला नाही. त्यांच्या चिरंजीवांनी अमेरिकेहून आणलेली बाटली उघडली गेली आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली. अंधारातच पेले हाती आले. आमच्यातील एक ज्येष्ठ अधिकारी पहिल्याच घोटाला म्हणाले, "वा! अस्सल स्टाउट!" पाच मिनिटांनी दिवे लागले. पेल्यातील पेय मधासारखे सोनेरी आहे हे दिसताच तेच गृहस्थ गरजले, "ही शुद्ध लबाडी आहे!" जिभेने दिलेला निकाल डोळ्यांनी अपिलात फिरविला.

आम्हांस हा निकाल मान्य नाही. स्टाउट या इंग्रजी शब्दाचा अर्थ काळा असा कधीच नव्हता. बळकट, दमदार असा होता. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये कडक बिअरला स्टाउट म्हणत, आणि फिकट स्टाउटही तेथे होत असे. पुढे कडक पोर्टरला 'स्टाउट पोर्टर' म्हणता म्हणता पोर्टर गळाले, विशेषण तेवढे उरले आणि त्याला पोर्टरचा रंग चिकटला. तोही आजच्यासारखा काळाकुट्ट नव्हे, तपकिरी. कोळशासारखे काळे माल्ट भाजण्याच्या पिंपाचे पेटंट डॅनियल व्हीलर यांनी घेतले ते १८१७ साली. परंपरेच्या नावाने ओरडणारांची परंपरा एवढीच!

प्रतिपक्षाचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काळ्या स्टाउटची कडवट चव भाजलेल्या धान्यातून येते. ह्या फिकट स्टाउटमध्ये ती कॉफीचे दाणे आणि कोकोचे तुकडे भिजवून आणतात. म्हणजे चव उसनी! असेल. पण मग पिंपाचे काय? बूर्बन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी असा अमेरिकेत कायदा आहे. त्यामुळे रिकामी झालेली पिंपे बिअरवाल्यांच्या हाती येतात, आणि त्या लाकडातील व्हॅनिलाचा गंध व व्हिस्कीचा अंश बिअरमध्ये उतरतो. काळ्या स्टाउटमधील ही उसनवारी आमचे स्नेही मिटक्या मारीत पितात. (त्यांच्या कपाटातील बाटल्या आम्ही पाहिल्या आहेत.) बाटलीवर कॉफी व कोको नमूद नसते तर आम्हीही लबाडीच म्हटले असते, येथे दोन्ही ठळक छापलेले होते.

त्या बाटलीत दोष नव्हता असे नाही. पहिल्या घोटात ओटमुळे आलेला साईसारखा गुळगुळीतपणा होता, मागून कॉफी, मग किंचित खोबऱ्याची आठवण. पण पेला जसजसा कोमट झाला तसतशी बूर्बनची धग वर आली आणि तिने कॉफीला पार दडपून टाकले. पिंपातून ती महिनाभर आधी काढावयास हवी होती. भांडायचेच तर ह्या मुद्द्यावर भांडावे. रंगावर कसले भांडता?

त्याच घरी दुसरी बाटली शिल्लक आहे. पुढील बैठकीस तिच्याशेजारी एक काळी स्टाउट ठेवून आम्ही दिवे मुद्दाम मालविणार आहोत. ज्येष्ठांनी अवश्य यावे.